आकाशातील वाटा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला मराठी शिलालेख आहे. मराठी प्रवासी तेथे अक्षरे लावीत बसतो. डोक्यावरच्या आकाशाकडे त्याचे लक्ष जात नाही. श्रोते हो, तेथे वायुदलाचा तळ आहे, २०२० पासून सुखोई-३० विमानांचे पथकही आहे; आणि तिरुचिरापल्लीचा नागरी विमानतळ जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांवर! लष्कराने व प्रवाशांनी एकच आकाश कसे वाटून घ्यावयाचे?

दिल्लीत हा प्रश्न फार महाग पडला. सभोवतीचे बरेचसे आकाश वायुदलाकडे राखीव, म्हणून येणारी-जाणारी विमाने एकाच वाटेने. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सायंकाळी उतरणाऱ्या कझाक विमानास १५,००० फुटांवर, तर चढणाऱ्या सौदी विमानास १४,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. मधले हजार फूट, तेवढेच काय ते संरक्षण. कझाक विमान आज्ञेखाली उतरले, आणि चरखी दादरीवर दोन्ही विमानांतील ३४९ माणसे गेली. नियंत्रकाच्या रडारावर ठिपका दिसे, उंची दिसत नसे.

लाहोटी आयोगाने कझाक वैमानिकांना दोषी ठरविले. ते योग्यच. तथापि एकाच वाटेचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, हे सरकारी नोकर असूनही मला सांगता येत नाही. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आणि समोरच्या विमानाची उंची विचारून एकास वर, दुसऱ्यास खाली जाण्यास सांगणारे यंत्र सक्तीचे झाले.