बीव्हर आणि पांढरा कोल्हा

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें १६६८ सालीं मुंबई बेट वार्षिक दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीला दिलें, हें आपण सर्वजण शाळेंत शिकलों आहों. त्याच राजानें दोन वर्षांनीं, २ मे १६७० रोजीं, आणखी एका कंपनीला सनद दिली; ती मात्र आपल्या क्रमिक पुस्तकांत सहसा येत नाहीं. कॅनडाच्या उत्तरेस हडसनचा उपसागर आहे. त्याला मिळणाऱ्या यच्चयावत् नद्यांचा मुलूख, म्हणजे सुमारें पंधरा लक्ष चौरस मैल, हडसन्स बे कंपनीच्या पदरांत पडला. भाडें काय? तर राजा किंवा त्याचा वारस त्या मुलखांत पाऊल टाकील तेव्हां दोन एल्क हरणें आणि दोन काळे बीव्हर. त्या मुलखांत कोण राहतें हें विचारण्याचें कारण सनद देणाऱ्याला वाटलें नाहीं. मुंबईच्या कोळ्यांना तरी कोणीं विचारलें होतें? ही दुसरी कंपनी ३५५ वर्षें टिकली. २०२५ सालीं तिचीं शेवटचीं दुकानें बंद झालीं. तिच्या व्यापारानें तेथील मूळ रहिवाशांच्या पोटापाण्याचें विसाव्या शतकाच्या आरंभीं काय केलें, तें आज मी आपणांस सांगणार आहें.

बीव्हर हा उंदराच्या कुळांतला, पण आकारानें कुत्र्याएवढा प्राणी. दांतांनीं झाडें पाडून तो ओढ्यावर बांध घालतो, सांठलेल्या पाण्यांत काटक्या आणि चिखल यांचें घुमटासारखें घर उभारतो आणि कुटुंब घेऊन त्यांत वर्षानुवर्षें राहतो. त्याच्या राठ केसांखालीं जी मऊ लव असते, तिच्या नमद्याच्या टोप्या युरोपांत दोनशें वर्षें खपल्या. पुढें रेशमी टोपी आली, तरी कोटांसाठीं कातड्यांची मागणी राहिलीच. सुरतेला आणि राजापूरला जशा इंग्रजांच्या वखारी होत्या, तशाच या कंपनीच्या वखारी नद्यांच्या मुखांवर उभ्या राहिल्या, आणि क्री व इतर जमातींचे शिकारी तेथें कातडीं आणूं लागले.

या व्यापारांत एक गोष्ट शिकाऱ्याच्या बाजूची होती: बीव्हर खातां येतो. त्याचें मांस चरबीदार, आणि त्या कडाक्याच्या हिवाळ्यांत चरबी म्हणजे प्राण. कातडें वखारींत गेलें तरी मांस चुलीवर राही.

व्यवहार उचलीचा होता. पानगळीच्या दिवसांत शिकारी सहकुटुंब वखारींत येई. कारकून खातें काढी आणि पीठ, चहा, तंबाखू, बंदुकीची दारू, सापळे, कापड असें हिवाळ्याचें सामान उधार देई. मग बर्फ वितळेपर्यंत सारें कुटुंब रानांत. उन्हाळा लागला कीं कातडीं घेऊन परत यावयाचें आणि खातें मिटवावयाचें. पूर्वीं हा हिशेब पैशांत नसून बीव्हरांत असे. एक बीव्हर, अर्धा, पाव, अष्टमांश, असे पितळी बिल्लेसुद्धां कंपनीनें पाडले होते. याला निवळ सावकारी म्हणून मोकळें होतां येत नाहीं. उपाशी शिकारी कातडें आणीत नाहीं हें कारकुनाला पक्कें ठाऊक असे, म्हणून पडत्या वर्षीं तो उचल वाढवून देई. शिकारीहि, जवळपास दुसरा व्यापारी आला कीं कातडें त्याला विकी आणि पहिल्याची उचल तशीच राहूं देई. दोघेहि एकमेकांना ओळखून होते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं व्यापाराची नजर आणखी उत्तरेकडे वळली. झाडें संपतात तेथून पुढें इनुइट लोकांचा मुलूख. बाहेरचे लोक त्यांना पूर्वीं एस्किमो म्हणत. देवमाशांच्या शिकारीसाठीं येणारीं जहाजें तोंपर्यंत बंद होत आलीं होतीं. त्यांच्याकडून मिळणाऱ्या बंदुका व काडतुसें यांची संवय मात्र मागें उरली होती. हडसन्स बे कंपनीनें १९११ सालीं बॅफिन बेटावर लेक हार्बर येथें आणि १९१३ सालीं केप डॉर्सेट येथें वखार घातली. पॅरिसची रेव्हिलाँ बंधूंची पेढीहि चढाओढींत उतरली होती. दोघांनाहि हवा होता पांढरा कोल्हा. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथें स्त्रियांच्या गळ्याभोंवतीं कोल्ह्याचें कातडें मिरवूं लागलें आणि भाव चढत गेले.

आतां या दोन जनावरांतला फरक पाहा. कोल्हा हें इनुइटांचें अन्न नव्हे. त्यांचें अन्न म्हणजे सील, वालरस, कॅरिबू हरणें आणि मासे. हिवाळ्यांत सील मिळतो तो गोठलेल्या समुद्रावर. तो श्वास घेण्यास ज्या भोंकाशीं येतो तेथें तासन् तास निश्चल उभें राहावें लागतें. कोल्हा मिळतो तो दूरवर पसरलेल्या सापळ्यांत, आणि ते सापळे कुत्र्यांच्या घसरगाडीनें फिरून पाहावे लागतात. त्या कुत्र्यांनाहि मांस हवेंच. एकाच माणसाला एकाच दिवशीं दोन्हीकडे असतां येत नाहीं. जो दिवस सापळ्यांकडे गेला तो सीलच्या भोंकापासून गेला, आणि त्या दिवसाचें जेवण वखारींतील पिठांतून काढावें लागलें.

शिवाय कोल्ह्यांची संख्या कायम नसते. लेमिंग नांवाच्या लहानशा उंदरावर तो जगतो, आणि लेमिंगांचें पीक साधारण दर चार वर्षांनीं भरास येतें व बुडतें. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन हे १९२५ पासून या कंपनीचे सल्लागार होते. प्राण्यांच्या संख्येंतील अशा चढउतारांचा अभ्यास त्यांनीं कंपनीच्या जुन्या वह्यांच्या आधारें केला. शास्त्राला त्या वह्या फारच उपयोगी पडल्या. इनुइट कुटुंबाला मात्र एकाच वेळीं दोन चक्रांवर जगावें लागलें, एक लेमिंगांचें आणि दुसरें पॅरिसच्या पोषाखांचें.

रेव्हिलाँ पेढीच्या पैशानें रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनीं एक चित्रपट काढला. ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ सालीं पडद्यावर आला आणि जगभर गाजला. त्यांत नॅनूक वखारींत ग्रामोफोनची तबकडी दांतांनीं चावून पाहतो आणि प्रेक्षक हंसतात. तें सोंग होतें. नॅनूक झालेल्या गृहस्थाचें खरें नांव अलाकारियालाक. त्याचे लोक त्या काळीं बंदुकीनें शिकार करीत; चित्रपटासाठीं त्यांनीं जुना भाला हातीं घेतला. एका बाजूनें पेढी त्यांना काडतुसें विकीत होती आणि दुसऱ्या बाजूनें त्यांनीं काडतूस पाहिलेंच नाहीं असें दाखवायला पैसे देत होती.

१९२९ नंतरच्या मंदींत भाव कोसळले. १९३६ पर्यंत रेव्हिलाँचा धंदा हडसन्स बे कंपनीनें गिळला आणि चढाओढ संपली. मधल्या काळांत, १९३४ सालीं, कंपनीनें सरकारच्या संमतीनें बॅफिन बेटावरील सुमारें पन्नास इनुइट डेव्हन बेटावर डंडास हार्बर येथें नेऊन ठेवले. तेथें कोल्हे पुष्कळ मिळतील असा अंदाज होता. दोन वर्षांत ती वसाहत उठवावी लागली. सर्वजण आपापल्या घरीं परतले असेंहि नाहीं. कांहीं कुटुंबांना तेथून पुढें आणखी एका नव्या वखारीकडे नेण्यांत आलें.

उपासमार झाली तर धान्य कोणीं द्यावें? क्वेबेक प्रांत म्हणे, हे मध्यवर्ती सरकारचे. मध्यवर्ती सरकार म्हणे, हे प्रांताचे. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ५ एप्रिल १९३९ रोजीं निर्णय झाला कीं घटनेंतील ‘इंडियन’ या शब्दांत एस्किमोहि येतात, तेव्हां जबाबदारी मध्यवर्ती सरकारची. या निर्णयाचा एक मोठा आधार म्हणजे १८५७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढें हडसन्स बे कंपनीनें मांडलेली माहिती. तिच्यांत कंपनीनें एस्किमोंची गणना इंडियनांत केली होती. इनुइट या प्रकरणांत पक्षकारच नव्हते. पुढच्याच महिन्यांत सहावा जॉर्ज विनिपेगला आला, तेव्हां कंपनीनें सनदेप्रमाणें आपलें भाडें चुकतें केलें: एल्कचीं दोन मस्तकें आणि बीव्हरचीं दोन कातडीं.

आतां पुन्हां दक्षिणेस, क्री लोकांकडे येऊं. हडसनच्या उपसागराचें दक्षिणेकडील टोंक म्हणजे जेम्स उपसागर. त्याच्या कांठीं रूपर्ट हाउस ही कंपनीची सर्वांत जुनी जागा. सनदेच्याहि आधीं, १६६८ सालीं आलेलें ‘नॉनसच’ नांवाचें जहाज येथें हिवाळा काढून कातडीं घेऊन लंडनला परतलें होतें. या रानांत परक्याला न दिसणारे बांध आहेत. हा ओढा कोणाचा, तें तळें कोणाचें, हें प्रत्येक क्री कुटुंबाला ठाऊक. यंदा कोणत्या भागांत सापळे लावावयाचे आणि कोणता भाग पडीक ठेवावयाचा, हें कुटुंबांतील वडीलधारा शिकारी ठरवी. बीव्हर एका जागीं राहतो, त्याचें घर दिसतें, आंत किती असतील याचा अजमास बांधतां येतो. म्हणून मोजून मारणें आणि बीं राखणें त्यांना साधत असे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उत्तर क्वेबेकांतून आगगाडी गेली. १९२० नंतर चढत्या भावाच्या लोभानें बाहेरचे गोरे सापळेवाले त्या वाटेनें आले. कांहींजण विषहि वापरीत. एका हिवाळ्यांत ओढा साफ करून ते दुसरीकडे जात. त्यांना तेथें परत यावयाचेंच नव्हतें. मग क्री शिकाऱ्यापुढें प्रश्न उभा राहिला. मीं राखलेली जोडी जर उद्यां दुसराच नेणार, तर मीं राखावी कशाला? त्यानेंहि राखणें सोडलें. त्या दशकाच्या अखेरीस रूपर्ट हाउसच्या वखारींत बीव्हर येणें जवळजवळ थांबलें, आणि बीव्हरबरोबर मांसहि गेलें. कुटुंबें उपाशी पडूं लागलीं.

तेथील वखारीचे व्यवस्थापक जेम्स वॅट यांनीं, उरलीसुरलीं बीव्हरांचीं घरें मारूं नयेत म्हणून, शिकाऱ्यांना मोबदला देण्यास आरंभ केला. त्यांची पत्नी मॉड वॅट ही मुलांना घेऊन बर्फांतून लांबचा प्रवास करून क्वेबेकला गेली आणि तेथील अधिकाऱ्यांना तिनें गळ घातली. १९३२ सालीं प्रांतानें ७,२०० चौरस मैल मुलूख बीव्हर राखण्यासाठीं तिच्या नांवें पट्ट्यानें दिला. बीव्हर मोजण्याचें काम क्री कुटुंबप्रमुखांकडेच आलें. त्यांना टॅलीमन, म्हणजे मोजणीदार, म्हणत. प्रत्येकानें आपल्या मुलखांतील घरें पाहून यावयाचें आणि नकाशावर खूण करावयाची. १९४० सालीं शिकार पुन्हां सुरू झाली. वॅट दांपत्याचें श्रेय कमी करण्याचें कारण नाहीं. परंतु नकाशावर ज्या रेषा उमटल्या त्या क्रींच्या तोंडीं आधींपासून होत्या. आणि सात-आठ वर्षें डोळ्यांपुढें बीव्हर पोहत असतांना घरीं अर्धपोटीं राहणें, हें वॅट यांना नव्हे, त्यांना सोसावें लागलें.

या कौटुंबिक शिकारभूमी मूळच्या कीं व्यापारानें घडविलेल्या, यावर पंडितांत वाद आहे. फ्रँक स्पेक यांनीं १९१५ सालीं त्या प्राचीन असल्याचें प्रतिपादिलें. एलिनॉर लीकॉक यांनीं १९५४ सालीं, कातड्यांच्या व्यापारामुळेंच त्या उत्पन्न झाल्या, असें मांडलें. रान वांटून राखण्याची रीत जुनी आणि सीमा ताठर झाल्या त्या व्यापारामुळें, असें मला वाटतें. पण हा वाद पुढें नुसता पंडितांचा राहिला नाहीं.

१९७१ सालीं क्वेबेक सरकारनें जेम्स उपसागरास मिळणाऱ्या नद्यांवर प्रचंड धरणें बांधण्याचें जाहीर केलें. क्री लोकांना विचारलें नव्हतें. ते न्यायालयांत गेले. शिकारी स्वतः साक्षीस उभे राहिले आणि आपण कोठें राहतों, काय मारतों, काय खातों, तें त्यांनीं सांगितलें. नोव्हेंबर १९७३ मध्यें न्यायमूर्ति मालूफ यांनीं काम थांबविण्याचा हुकूम दिला. आठवड्याभरांत वरच्या न्यायालयानें तो स्थगित केला. १९७५ सालीं करार झाला. धरणें बांधलीं गेलीं, पुष्कळ शिकारभूमि पाण्याखालीं गेली. मात्र रानांत राहून शिकारीवर जगणाऱ्या क्री कुटुंबांना उत्पन्नाची हमी मिळाली, आणि बीव्हर मोजणाऱ्या टॅलीमनचें नांव करारांत आलें. त्याची व्याख्या तेथें अशा अर्थाची आहे: एखाद्या शिकारभूमीवरील शिकारीच्या देखरेखीस जबाबदार म्हणून ज्याला त्याच्या क्री समाजानें मानलें आहे, तो क्री माणूस.