सुहैली (शिडाची नौका)

सुहैली : मुंबईत बांधलेली केच जातीची, म्हणजे पुढे मोठी व मागे लहान अशा दोन डोलकाठ्यांची, शिडाची लाकडी नौका. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन (जन्म १९३९) यांनी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदरातून हिच्यातून एकट्याने प्रस्थान ठेवले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, वाटेत कोणत्याही बंदराचा आधार न घेता ते तेथेच परतले. एकट्या माणसाने न थांबता केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. नौकेच्या अंगाची लांबी सुमारे ३२ फूट; नाळेपुढचा सोट आणि मागचा दांडा धरला तर ४४ फुटांच्या आसपास.

नौका बांधली गेली त्या काळी नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी होते. मुंबई आणि आखाती बंदरे यांच्या दरम्यान उतारू नेणाऱ्या ‘द्वारका’ या बोटीवर त्यांची नेमणूक होती. कंपनीतल्या दोघा सहकाऱ्यांबरोबर भागीदारीत एक शिडाची बोट बांधावी, ती चालवत मायदेशी जावे आणि तेथे विकावी, असा साधा बेत होता. इंग्लंडहून मागवलेले नकाशे आले ते मनातल्या बोटीचे नव्हतेच. विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकाची ‘एरिक’ ही १९२० च्या दशकातली जुनी रचना हाती पडली. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवायला कॉलिन आर्चर याने ज्या बोटी रेखल्या होत्या, त्यांच्यावरून ती बेतलेली होती : दोन्ही टोकांना निमुळती, पोटाने रुंद, जड आणि संथ. नवे नकाशे मागवण्यात वेळ जाणार म्हणून आहे तेच पत्करले गेले. पुढे जे घडले ते पाहता ही तडजोड फार मोलाची ठरली.

बांधणी १९६३ साली कुलाब्यात सुरू झाली. लाकूड सागाचे. हत्यारे म्हणजे हातकरवत, वाकस आणि दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता. कोकणातल्या कोणत्याही खाडीवर गलबत बांधताना दिसत तीच. फळ्यांचा बाक डोळ्यांनी जोखायचा आणि वाकसाने तासत आणायचा, ही मुंबईच्या गोदीतल्या सुतारांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. १९६४ च्या डिसेंबरात नौका पाण्यात उतरली, तेव्हा नाळेवर शॅम्पेनची बाटली न फोडता नारळ फोडण्यात आला. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात, तेच नाव तिला दिले गेले. या नौकेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात कप्तानाला मिळाला तो मान रास्तच आहे. तिला घडवणाऱ्यांची बोळवण मात्र बहुतेक ठिकाणी ‘भारतीय कारागीर’ एवढ्या दोन शब्दांत होते.

भागीदार यथावकाश गळाले. १९६५ च्या डिसेंबरात नॉक्स-जॉन्स्टन, त्यांचा धाकटा भाऊ ख्रिस आणि एक सहकारी असे तिघे मुंबईहून निघाले. मस्कत आणि पूर्व आफ्रिकेची बंदरे करत ते दरबानला पोहोचले, तोवर पैसे संपले होते. लांबच्या सफरीवरच्या बहुतेक बोटींची गत हीच असते : बंदरात मुक्काम ठोकायचा, मिळेल ते काम करायचे, चार पैसे गाठीला बांधायचे, बोटीची डागडुजी उरकायची आणि मोसम साधून पुन्हा निघायचे. केपटाउनहून लंडनपर्यंतचा शेवटचा टप्पा त्यांनी एका दमात, ७४ दिवसांत कापला. तीन माणसे एवढ्या काळात एकमेकांना आणि बोटीला सोसू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने गोल्डन ग्लोब स्पर्धा जाहीर केली, त्याआधीच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या डोक्यात एकट्याने प्रदक्षिणा करण्याचा विचार घोळत होता. त्यासाठी त्यांना नवी पोलादी बोट हवी होती. कोणी पैसे दिले नाहीत. शेवटी होती तीच सुहैली लंडनच्या गोदीत तयार झाली. स्पर्धेतल्या नऊ जणांच्या बोटींमध्ये ती लहान आणि धिम्या बोटींत मोडत होती, आणि तिच्यावर पैज लावणारे थोडेच होते.

एवढ्याशा बोटीवर वर्षभराचा संसार मांडायचा म्हणजे आधी वजनाचा हिशेब. धान्य, डबे, रॉकेल, सुटे भाग, दोर, शिवणकामाची सुई आणि मेण, सारे अशा रीतीने रचावे लागते की बोट कोणत्याही बाजूला कलू नये, आणि हवी ती वस्तू काळोखात हाताला लागावी. डबाबंद अन्नावरची कागदी वेष्टने आधीच काढून टाकून डब्यावर रंगाने खूण करण्याची पद्धत आहे. तसे केले नाही तर तळाच्या ओलीत कागद सुटतात, पंपाच्या तोंडाशी अडकतात आणि वर जेवणात काय आहे ते डबा फोडल्यावरच कळते. शांत दिवशी नॉक्स-जॉन्स्टन नाळेच्या सोटावरून समुद्रात उडी घेत, बोटीच्या बरोबरीने पोहत आणि मागे सोडलेला दोर हाती आला की वर चढत. दोर हुकला असता तर बोट निघून गेली असती, कारण सुकाणू धरायला दुसरे कोणी नव्हते.

अटलांटिकमध्येच बोटीत पाणी येऊ लागले. पाण्याच्या रेषेखाली काही फुटांवर, तळाजवळच्या फळ्यांचा सांधा दोन्ही बाजूंना उकलला होता. नॉक्स-जॉन्स्टन यांनी दम रोखून बुडी मारली आणि हातोडीने सांध्यात कापूस ठासून पाहिला, पण दुसरी बुडी मारेपर्यंत तो बाहेर आलेला असे. मग त्यांनी कापडाची दीड इंच रुंद लांबलचक पट्टी कापली, तिच्यावर कापूस शिवला, तिला डांबर चोपडले आणि ती तांब्याच्या बारीक खिळ्यांनी सांध्यावर ठोकून बसवली. रेडिओ बसवणाऱ्या तंत्रज्ञांनी मागे ठेवलेली तांब्याची पट्टी बोटीवर होती. तिचे आवरण वरून चढवले. गोरे अंग पाण्यात चमकून शार्क येऊ नयेत म्हणून ते गडद कपडे घालून उतरले होते. तरी एक शार्क आलाच. बोटीवर चढून, बंदुकीने त्याचा निकाल लावून ते पुन्हा कामाला लागले. ही दुरुस्ती टिकली. तिचे मर्म साधनांत आहे : कापूस, डांबर, कापड, खिळे. १९६८ मध्ये ही सामग्री जुनाट वाटत होती. पण एकट्या माणसाला भर समुद्रात, दम रोखून, तेवढीच वापरता आली असती.

केप ऑफ गुड होपच्या पुढे, सप्टेंबरच्या आरंभी, एका लाटेने बोट आडवी केली. ती उठली, पण केबिनचे छप्पर हलून कडेने भेगा पडल्या आणि टाकीतले गोडे पाणी खराब झाले. छप्पर बोल्ट घालून आवळण्यात आले. पाणी पुढे पावसाचे, शिडावरून निथळणारे धरावे लागले. वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाजवळ कायमचे निकामी झाले. तेथून पुढे शिडांचा तोल साधून बोट आपोआप मार्गावर राहील अशी व्यवस्था करणे हाच उपाय उरला. एंजिन गंजून जाम झाले, रेडिओ बंद पडला. नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या ओटॅगोपाशी बोट वाळूत रुतली आणि भरतीबरोबर सुटली. १७ जानेवारी १९६९ रोजी केप हॉर्नला वळसा पडला. न्यूझीलंडनंतर तिचा ठावठिकाणा कोणालाच ठाऊक नव्हता. ६ एप्रिलला अझोर्सजवळ एका तेलवाहू जहाजाला दिव्याच्या इशाऱ्याने निरोप देता आला, तेव्हा घरच्यांना कळले. फालमथला जकात अधिकाऱ्यांनी रीतीप्रमाणे कोठून आलात असे विचारले. उत्तर मिळाले, फालमथहून.

अंतर सुमारे ३० हजार सागरी मैल आणि सरासरी वेग ताशी जेमतेम ४ सागरी मैल. उरलेल्या आठांपैकी कोणीही स्पर्धा पुरी करू शकले नाही. बर्नार मोइतेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी केप हॉर्न ओलांडूनही परतला नाही, ताहितीकडे निघून गेला. नायजेल टेटलीची बोट परतीच्या वाटेवर फुटून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्टने खोटी स्थाने कळवली आणि अखेर तो समुद्रातच नाहीसा झाला. वेगासाठीचे ५ हजार पौंडांचे बक्षीस नॉक्स-जॉन्स्टन यांनी त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

स्पर्धेनंतर सुहैली शोभेची वस्तू झाली नाही. १९९१ मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ती ग्रीनलंडला गेली. १९९७ साली ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने तिला छपराखाली घेतले आणि तेथेच तिच्या जिवावर बेतले. संग्रहालयातली हवा वस्तू टिकाव्यात म्हणून कोरडी राखलेली असते. समुद्रात मुरलेला साग तिच्यात आकसू लागला आणि फळ्यांमध्ये फटी पडल्या. नॉक्स-जॉन्स्टन यांनी २००२ मध्ये तिला बाहेर काढले. त्यानंतरची तिची दुरुस्ती वर्षानुवर्षे चालली आणि तिच्यातले बरेच काम त्यांनी स्वतः केले. जून २०१८ मध्ये, प्रस्थानाच्या पन्नासाव्या वर्षी, ती फालमथच्या पाण्यात पुन्हा शिडांवर होती.

भारताशी तिचा धागा गोव्यात पुन्हा जुळला. रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाड बेटावरील ॲक्वेरियस कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरे घेत एकट्याने प्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या तयारीत नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन होते. अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये मुंबई ते मुंबई हा प्रवास न थांबता पुरा केला. २०१८ च्या गोल्डन ग्लोब स्पर्धेसाठी टॉमी यांची नौका ‘तुरिया’, सुहैलीची प्रतिकृती, ही गोव्यातच बांधण्यात आली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवले.