होई आन येथील फुक किएन सभागृह : दोन नावे, पाच बोली

मध्य व्हिएतनाममधील होई आन या जुन्या बंदरगावात त्रान फू नावाच्या रस्त्यावर एक भव्य त्रिद्वार उभे आहे. त्या द्वारावर चिनी अक्षरांत दोन नावे आढळतात. एक ‘किम सॉन तू’, म्हणजे ‘सुवर्णगिरी विहार’. दुसरे ‘फुक किएन होई क्वान’, म्हणजे ‘फूच्येन प्रांतीयांचे सभागृह’. प्रवासवर्णनांतून या वास्तूचा उल्लेख ‘चिनी मंदिर’ असा होतो आणि त्या एका शब्दाखाली दोन्ही नावे झाकून जातात. वस्तुतः या दोन नावांमध्येच वास्तूचा इतिहास साठवलेला आहे. ‘तू’ हा शब्द बौद्ध विहाराचा वाचक आहे, तर ‘होई क्वान’ हा विशिष्ट प्रदेशातून आलेल्या लोकांच्या संघटनेचा. स्थानिक परंपरा असे सांगते की, येथे प्रथम एक लहानसे पूजास्थान होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते फूच्येनी व्यापाऱ्यांच्या हाती आले आणि इ. स. १७५७ मध्ये त्यावर पक्की कौलारू वास्तू उभी राहिली. विहाराचे सभागृहात झालेले हे रूपांतर कोणत्या समाजाने आणि कोणत्या गरजेपोटी घडवून आणले, हा या लेखाचा विषय आहे.

होई आन हे थू बोन नदीच्या मुखाजवळ वसलेले आहे. जुन्या क्वांग नाम प्रांतात असलेले हे गाव २०२५ पासून दा नांग महानगराच्या कक्षेत आले आहे. याच नदीखोऱ्यात आत मी सॉन येथे चंपा राज्याची शैव मंदिरे आणि संस्कृत शिलालेख आहेत. चंपाच्या काळीही हे नदीमुख समुद्रव्यापाराचेच होते. परंतु युरोपीय कागदपत्रांत ‘फायफो’ या नावाने प्रसिद्धी पावलेले बंदर उदयास आले ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. न्गुएन होआंग हा सरदार इ. स. १५५८ मध्ये दक्षिणेत आला व पुढे त्याच्या वंशाने तेथे व्यवहारतः स्वतंत्र सत्ता स्थापिली. उत्तरेकडील त्रिन्ह सत्तेशी झुंजण्यासाठी या घराण्याला परदेशी व्यापारातून मिळणाऱ्या धनाची आणि शस्त्रांची निकड होती. नेमक्या याच काळात, म्हणजे इ. स. १५६७ मध्ये, चीनच्या मिंग दरबाराने समुद्रव्यापारावरील बंदी शिथिल केली. जपानशी प्रत्यक्ष व्यापार मात्र निषिद्धच ठेवला. जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांना परस्परांचा माल हवा होता, पण तो एकमेकांच्या बंदरांत उघडपणे मिळत नव्हता. तेव्हा तिसऱ्या भूमीवरील भेटीचे ठिकाण म्हणून होई आनचे भाग्य उदयास आले. इ. स. १६१८ ते १६२२ या काळात त्या प्रदेशात राहिलेल्या क्रिस्तोफोरो बोरी या इटालियन जेझुइटाने लिहून ठेवले आहे की, हे गाव एवढे मोठे होते की त्याला दोन गावे म्हणावे. एक चिन्यांचे, दुसरे जपान्यांचे, आणि प्रत्येक आपापल्या प्रमुखाच्या व कायद्याच्या अधीन.

या व्यापाराची घडी वाऱ्यावर बसलेली होती. चिनी जहाजे ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षारंभी येत आणि नैऋत्य वारे वाहू लागल्यावर उन्हाळ्यात परत फिरत. मधले कित्येक महिने व्यापाऱ्याला परक्या गावी काढावे लागत. अशा माणसाच्या गरजा कोणत्या असतात? राहावयास जागा, माल ठेवावयास वखार, तंटा पडल्यास निवाडा करणारे वडीलधारे, आजारात शुश्रूषा आणि मृत्यू आल्यास अंत्यसंस्कार. शिवाय समुद्र सुखरूप पार पडावा म्हणून नवस बोलण्यास देवता. ‘होई’ म्हणजे सभा आणि ‘क्वान’ म्हणजे वसतिस्थान. या सर्व गरजा भागविणारी संस्था ती ‘होई क्वान’. आपल्याकडील देऊळ, धर्मशाळा, व्यापाऱ्यांचे महाजन आणि ज्ञातीची पंचायत या चारही संस्था एका छपराखाली आल्या तर जे होईल ते या शब्दाने सूचित होते. म्हणूनच त्याचे भाषांतर केवळ ‘मंदिर’ असे करणे अपुरे ठरते.

इ. स. १६३५ मध्ये जपानी सत्तेने आपल्या प्रजेला परदेशगमनाची मनाई केली आणि होई आनमधील जपानी वस्ती ओसरू लागली. त्यानंतर नऊ वर्षांनी, इ. स. १६४४ मध्ये, पेकिंग येथील मिंग सत्ता कोसळली. मांचूंच्या छिंग सत्तेला मान न देणारे अनेक लोक दक्षिणेकडील समुद्रमार्गाने बाहेर पडले. हंगामी व्यापाऱ्यांच्या जोडीला आता परत न जाणारे निर्वासित आले. कँटनहून आलेला बौद्ध भिक्षू थिक दाय सान (चिनी उच्चार ता-शान) हा इ. स. १६९५ मध्ये येथे येऊन गेला. नदीकाठचा तीन-चार ली लांबीचा रस्ता, दोन्ही बाजूंस एकाला एक लागून असलेली दुकाने आणि अद्यापि मिंगकालीन वेष धारण करणारे फूच्येनी रहिवासी यांचे वर्णन त्याने केले आहे. या वर्णनात रहिवाशांची ओळख ‘फूच्येनचे लोक’ अशी दिली आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चिनी प्रवाशाच्या दृष्टीलाही आपल्या देशबांधवांचा प्रांत प्रथम दिसला.

याचे कारण भाषेत आहे. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील बोली एकाच कुळातील असल्या तरी परस्परांस कळत नाहीत. उदाहरणार्थ, ज्या प्रांताचे नाव सभागृहाच्या द्वारावर आहे त्याचा उच्चार राजभाषेत ‘फूच्येन’, त्या प्रांताच्या दक्षिण भागातील बोलीत ‘होक्किएन’ आणि व्हिएतनामी वाचनपरंपरेत ‘फुक किएन’ असा होतो. अक्षरे मात्र तीच. कँटनचा व्यापारी आणि फूच्येनचा व्यापारी एकच करारपत्र डोळ्यांनी वाचू शकत. तेच मोठ्याने वाचले असता एकाचे दुसऱ्याला उमगले नसते. व्हिएतनामी अधिकारीही तीच अक्षरे आपल्या उच्चाराने वाचत असे, कारण व्हिएतनामी भाषेने थांग राजवटीच्या उत्तरकाळातील उच्चारांवर आधारलेली स्वतःची वाचनपरंपरा जतन केली होती. तात्पर्य, होई आनमध्ये लेखन सर्वांना जोडत होते आणि बोली त्यांना विभागीत होती.

मग गावातील संस्था लेखनाच्या ऐक्यावर उभ्या राहिल्या की बोलीच्या भेदावर? होई आनमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. इ. स. १७४१ मध्ये सर्व प्रांतांच्या व्यापाऱ्यांसाठी एक सामाईक सभागृह स्थापन झाले. त्याच्या नावाचा अर्थच ‘समुद्रपार व्यापाऱ्यांचे सभागृह’ असा आहे. परंतु पुढील शतकात वेगळी सभागृहे निघाली : त्रिएऊ चाऊ (चाओचौ) लोकांचे १८४५ मध्ये, हाय नाम लोकांचे १८७५ मध्ये आणि क्वांग त्रिएऊ, म्हणजे क्वांगचौ व चाओछिंग या दोन जिल्ह्यांतील लोकांचे, १८८५ मध्ये. भेद प्राचीन असेल आणि ऐक्य अर्वाचीन, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. येथे काही अंशी उलटा क्रम दिसतो. सामाईक वास्तू आधी, आणि यांतील तीन स्वतंत्र वास्तू तिच्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी.

या क्रमाचा उलगडा राज्यव्यवस्थेकडे पाहिल्यावर होतो. ताय सॉन युद्धांत अठराव्या शतकाच्या अखेरीस गावाची मोठी हानी झाली. इ. स. १८०२ मध्ये सर्व देश एका सत्तेखाली आणणाऱ्या या लाँग सम्राटाच्या कारकिर्दीत चिनी रहिवाशांची नोंद ‘बांग’ नावाच्या गटांत होऊ लागली. प्रत्येक बांगचा एक प्रमुख असे. करवसुली आणि गटाचे वर्तन यांची जबाबदारी त्याच्यावर असे. पुढे फ्रेंच अमलानेही हीच पद्धत चालू ठेवली. होई आनमध्ये अशा पाच बांग मानल्या गेल्या : फूच्येन, कँटन, चाओचौ, हाय नाम आणि हक्का. बोलीने जो भेद व्यवहारात निर्माण केला होता त्याला राज्याने खातेवही दिली, आणि खातेवहीत शिरलेल्या गटाला स्वतःच्या वास्तूची आवश्यकता वाटू लागली, असे अनुमान येथे काढता येते.

या पाच गटांची रचना भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने बारकाईने तपासण्यासारखी आहे. छिंगकालीन प्रशासनाचा नकाशा पाहिला तर कँटन, चाओचौ, हाय नाम आणि हक्कांचे च्याइंग हे चारही भाग क्वांगतुंग या एकाच प्रांतात मोडतात. प्रांत हाच निकष असता तर पाचांऐवजी दोनच गट झाले असते. उलट बोलींचे कुल पाहिले तर फूच्येन, चाओचौ आणि हाय नाम या तिन्ही ठिकाणच्या बोली ‘मिन’ शाखेच्या आहेत. कुल हाच निकष असता तर तीन गट पुरले असते. शिवाय खुद्द फूच्येन प्रांतात एकमेकींस न कळणाऱ्या अनेक बोली आहेत. तरीही त्यांचे सभागृह एकच. म्हणजे बांगची सीमा केवळ प्रांताची नव्हती आणि केवळ भाषाकुलाचीही नव्हती. कोणत्या बंदरातून निघालो, कोणाच्या जहाजावर आलो, कोणाच्या शब्दावर उधारी मिळते आणि कोणाचे बोलणे बिनदिक्कत कळते, या सर्वांच्या संयोगातून ती ठरत होती. ‘एक भाषा म्हणजे एक समाज’ हे समीकरण गृहीत धरून चालणाऱ्यास होई आनचा हा पुरावा सावध करतो.

या पार्श्वभूमीवर फुक किएन सभागृहाच्या अंतर्भागाकडे वळले असता तेथील देवतांची मांडणी अर्थपूर्ण वाटू लागते. प्रांगण ओलांडून गेल्यावर मुख्य दालनात थिएन हाउ, म्हणजे ‘स्वर्गराज्ञी’, विराजमान आहे. फूच्येनच्या किनाऱ्यावरील मेइचौ बेटावर दहाव्या शतकात लिन कुळात जन्मलेली ही कन्या संकटग्रस्त खलाशांची रक्षणकर्ती म्हणून पूजिली जाऊ लागली. तिच्या बाजूंस हजार कोसांवरचे पाहणारा आणि वाऱ्यावरचा शब्द ऐकणारा असे दोन सेवक आहेत. जवळच जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. छतापासून उदबत्तीची मोठी वेटोळी लोंबत असतात आणि त्यांना नवस करणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. मागील दालनात फूच्येनहून आलेल्या सहा कुळांच्या मूळ पुरुषांची पूजा होते, तसेच अपत्यप्राप्तीसाठी आळविल्या जाणाऱ्या बारा सुईणींचीही. पुढे समुद्र, मागे पूर्वज आणि संतती, असा हा क्रम आहे. हंगामापुरता येणारा व्यापारी आणि येथेच संसार थाटणारा रहिवासी या दोघांच्या गरजा एकाच वास्तूत जोडलेल्या दिसतात.

देवतेच्या पदवीतही कालनिर्देश आहे. युआन राजवटीने इ. स. १२८१ मध्ये तिला ‘स्वर्गपत्नी’ या अर्थाची पदवी दिली आणि मिंगकाळातही तीच रूढ होती. ‘स्वर्गराज्ञी’ ही पदवी छिंगकाळातील आहे. मिंगनिष्ठ निर्वासितांच्या गावात देवतेला शेवटी छिंग दरबाराने दिलेल्या नावाने हाक मारली जाऊ लागली. जहाजांबरोबर येणाऱ्या नव्या माणसांनी जुन्या निष्ठेवर कशी मात केली हे या एका पदवीवरून कळते.

इतर सभागृहांतील देवता याहून निराळी कथा सांगतात. हाय नाम सभागृह एकशे आठ व्यापाऱ्यांच्या स्मृतीस वाहिलेले आहे. इ. स. १८५१ मध्ये व्हिएतनामी आरमाराच्या अधिकाऱ्यांनी त्यांना चाचे ठरवून ठार केले; चौकशीत ते निरपराध असल्याचे उघड होऊन तू दुक सम्राटाने अपराध्यांना शासन केले. चाओचौ सभागृहात सेनापती मा युआन याची ‘फुक बा’ या पदवीने पूजा होते. व्हिएतनामी राष्ट्रीय स्मृतीत मा युआन हा त्रुंग भगिनींचे बंड इ. स. ४३ मध्ये चिरडणारा आक्रमक होय. परंतु ‘फुक बा’ या पदवीचा शब्दार्थ ‘लाटांना नमविणारा’ असा आहे, आणि खलाशांनी त्या शब्दार्थालाच देवत्व दिले. व्यक्ती मागे पडली आणि पदवी पुढे आली. जेत्याचे नाव जित भूमीवर शांतपणे पूजिले जावे, हे अर्थपरिवर्तनामुळेच शक्य झाले.

शब्दातील असा बदल कधी आपोआप होतो, कधी आज्ञेने केला जातो. मिंग निर्वासितांचे वंशज आणि स्थानिक स्त्रियांशी झालेल्या त्यांच्या विवाहसंबंधांतून निर्माण झालेला समाज ‘मिन्ह हुओंग’ या नावाने ओळखला जाई. त्यातील ‘हुओंग’ म्हणजे सुगंध किंवा धूप. नष्ट झालेल्या राजवंशापुढे धूप तेवत ठेवणारे ते मिन्ह हुओंग. इ. स. १८२७ मध्ये मिन्ह मांग सम्राटाच्या आज्ञेने या ‘हुओंग’ऐवजी तोच उच्चार असलेले, पण ‘ग्राम’ असा अर्थ असलेले दुसरे अक्षर योजण्यात आले. तोंडाने उच्चारताना काहीच बदलले नाही. कागदावर मात्र निर्वासित निष्ठावंतांचे रूपांतर राज्यातील एका ग्रामाच्या प्रजेत झाले. येथे बोली तशीच राहिली आणि लेखनाने माणसांची ओळख बदलली.

एकोणिसाव्या शतकात नदीमुख गाळाने भरत गेले, मोठी जहाजे दा नांगकडे वळली आणि होई आनचे व्यापारी महत्त्व संपले. दक्षिण व्हिएतनामच्या शासनाने इ. स. १९५६ मध्ये तेथे जन्मलेल्या चिन्यांवर व्हिएतनामी नागरिकत्व लादले आणि लवकरच बांग संस्थाही विसर्जित झाल्या. व्यापार ओसरल्यामुळेच जुनी घरे व सभागृहे टिकली, इ. स. १९९९ मध्ये युनेस्कोने या गावाचा जागतिक वारशात समावेश केला. आज येणारा प्रवासी एका तिकिटावर अनेक वास्तू पाहतो आणि त्या सर्व त्याला ‘चिनी’ म्हणून दाखविल्या जातात.

हा शब्द चूक नाही, पण तो इतिहासाच्या शेवटाचा शब्द आहे. ज्यांनी या वास्तू बांधल्या त्यांच्या दृष्टीने ते फूच्येनी, कँटनी, चाओचौचे वा हाय नामचे होते. कधी समुद्रपार व्यापारी, कधी मिंगचे धूपवाहक. यांपैकी प्रत्येक नाव कोणीतरी, कोणत्यातरी प्रयोजनाने दिलेले आहे. फुक किएन सभागृहाच्या द्वारावरील दोन नावे एकमेकांना न पुसता तेथे टिकून राहिली, म्हणून तरी हे प्रयोजन आजच्या अभ्यासकाला वाचता येते. समाजाला सोईचे एकच नाव देऊन मोकळे होण्यापूर्वी त्याने स्वतःच्या दारावर काय कोरले होते ते पाहणे, हे इतिहासकाराचे आणि भाषाभ्यासकाचे समान कर्तव्य होय.