मांडवीचा ताप, व्हेनिसची तार

साथ उद्भवली की त्या देशानं जगाला कळवलंच पाहिजे, हा नियम आला कुठून? बहुतेक जण जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हाचं नाव घेतील. मी मुंबईच्या मांडवीचं घेतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतला ताप हा प्लेगच आहे, असं ठणकावून सांगितलं. प्रशासन मात्र ते नाव उच्चारायला कचरत होतं. साहजिकच आहे, नाव घेतलं की बंदर बसलं! पुढचं हाफकिन यांच्या लशीचं आणि पुण्यातल्या रँड यांच्या खुनाचं प्रकरण सर्वांना पाठ आहे. माझं लक्ष वेधलं ते दोन तारखांनी. ४ फेब्रुवारी १८९७ ला भारतात साथरोग कायदा झाला आणि त्याच महिन्यात व्हेनिसला प्लेगवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढाकार ऑस्ट्रिया-हंगेरीचा होता, निमित्त मुंबईचं. १९ मार्चला करार झाला. आपल्याकडे त्या कायद्याच्या दंडेलीवर एवढं लिहिलं गेलं, पण या कराराकडे कुणी फारसं वळलेलं दिसत नाही.

त्यात एक कलम आहे: आपल्या मुलखात प्लेगचा कोणताही रुग्ण आढळला, तर सरकारनं तो इतर सरकारांना तारेनं कळवावा.

जाणकार इथं लगेच अडवतील. कळवण्याचा प्रश्न १८८१ च्या वॉशिंग्टन परिषदेतच चर्चेला आला होता की! आला होता, पण त्यातून करार काही निघाला नाही. त्या परिषदेची आठवण उरली ती पीतज्वर पसरवणारा कुणी मध्यस्थ असावा, या क्यूबाच्या कार्लोस फिनले यांच्या कल्पनेमुळे. दुसरा दावेदार अधिक तगडा आहे: ड्रेस्डेन, १८९३. तिथं पटकीची खबर देणं बंधनकारक झालं, आणि त्यामागे रोखठोक सौदा होता. तुम्ही खरं सांगा, आम्ही तुमच्या मालाची आणि माणसांची गरजेपेक्षा जास्त अडवणूक करणार नाही. कल्पना ड्रेस्डेनची, हे मला मान्य आहे. पण तिथं कळवायचं होतं ते पटकीचं ‘केंद्र’. किती रुग्ण झाले म्हणजे केंद्र? या प्रश्नावर एखादं सरकार महिनाभर आरामात वाद घालत बसेल. व्हेनिसनं ही पळवाट बुजवली. तिथं एक रुग्णही पुरेसा ठरला.

ही कडक भाषा मुंबईच्या सुरुवातीच्या टाळाटाळीतून आली, असा माझा तर्क आहे. पुरावा परिस्थितीजन्य आहे, पण पटकी युरोपच्या ओळखीची होती, तर प्लेग म्हणजे आजोबांच्या गोष्टीतलं भूत. शिवाय सुएझ कालव्यामुळे मुंबईची बोट आता थेट भूमध्य समुद्रात शिरत होती, आणि तिच्या आधी पोचू शकेल अशी एकच गोष्ट होती: तार. मुंबई-लंडन तारयंत्र तर १८७० पासूनच चालू होतं.

पुढचा प्रवास सरळ आहे. १९०३ मध्ये पॅरिसला पटकी-प्लेगचे नियम एकत्र झाले. १९२५ पासून राष्ट्रसंघाचं सिंगापूर कार्यालय पूर्वेकडच्या बंदरांतली साथीची खबर गोळा करून दर आठवड्याला बिनतारी संदेशानं पाठवू लागलं. जागतिक आरोग्य संघटनेनं हा वारसा उचलला, आणि २००५ च्या नियमावलीनं मुदतही घातली: जागतिक धोका ठरू शकेल अशी घटना असल्याचा निष्कर्ष निघाला, की २४ तासांत कळवा.

सौद्याचा दुसरा भाग मात्र कधीच नीट पाळला गेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातलं मामला गाव आणि पाठोपाठ सुरत इथल्या प्लेगची बातमी फुटताच अनेक देशांनी भारताची विमानं आणि माल रोखला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोविडच्या ओमिक्रॉन प्रकाराची माहिती जगापुढे ठेवली, आणि दोन-तीन दिवसांत ब्रिटन-अमेरिकेसह अनेक देशांनी त्या भागातल्या प्रवाशांना दारं बंद केली. सांगणाऱ्यानं आपला शब्द पाळला. करार मोडला तो ऐकणाऱ्यांनी.