सर्कशीचे नसलेले गाणे

नववी ‘ब’च्या मंडळींना आठवत असेल. पावसामुळे पी.टी.चा तास बुडाला आणि इंग्रजीच्या सरांनी टेपरेकॉर्डरवर एक गाणे लावले, ‘सेंड इन द क्लाउन्स’. क्लाउन म्हणजे विदूषक, एवढे कळताच आपण ते सर्कशीचे गाणे ठरवून टाकले. मागच्या बाकावरून कोणीतरी सिंहाची डरकाळीही फोडली. सर एवढेच म्हणाले, “पन्नाशीनंतर पुन्हा ऐका.”

पन्नाशी उलटल्यावर मी ते खरोखरच ऐकले आणि मग त्याचा इतिहासही वाचून काढला.

हे गाणे स्टीफन सॉन्डहाइम यांच्या ‘अ लिटल नाइट म्युझिक’ या संगीत नाटकातले. इंगमार बर्गमन यांच्या १९५५ च्या स्वीडिश चित्रपटावर बेतलेले हे नाटक २५ फेब्रुवारी १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर आले. देझिरे ही प्रौढ नटी आणि फ्रेड्रिक हा तिचा जुना प्रियकर, पेशाने वकील. चौदा वर्षांनी भेट झाल्यावर ती त्याला पुन्हा एकत्र येण्याविषयी सुचवते. पण त्याने अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलेले असते आणि तिचा मोह त्याला सुटत नाही. तो नकार देतो, तेव्हा देझिरे हे गाते.

गंमत म्हणजे हे गाणे मूळ आराखड्यात नव्हतेच. त्या प्रसंगात गाणे द्यायचे तर फ्रेड्रिकला, असा विचार होता. तालमीत दिग्दर्शक हॅल प्रिन्स यांनी प्रसंग असा बसवला की सगळा भार देझिरेवर आला. ते पाहून सॉन्डहाइम यांनी तालमी चालू असतानाच तिच्यासाठी गाणे लिहिले.

अडचण होती ग्लिनिस जॉन्स यांच्या आवाजाची. आवाज गोड, किंचित घोगरा; पण सूर फार वेळ धरून ठेवता येत नसे. बालगंधर्वांच्या तानांना ‘वन्समोअर’ देणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात अशा नटीला कोणी पद दिले असते का? सॉन्डहाइम यांनी त्या आवाजाच्या मापानेच गाणे शिवले. वाक्ये आखूड, मध्ये श्वासाला जागा आणि बरेचसे नुसते प्रश्न. मन मोडलेले माणूस तरी लांबलचक वाक्ये कुठे बोलते?

आणि ते विदूषक? ते सर्कशीतले नाहीत, हे खुद्द सॉन्डहाइम यांनीच सांगितले आहे. ती नाटकवाल्यांची भाषा. खेळ रंगत नसेल तर विनोदवीरांना आत पाठवा, निदान हशा तरी होईल.

जॉन्स यांना या भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला. ज्युडी कॉलिन्स यांनी १९७५ मध्ये गायलेल्या आवृत्तीने गाणे घरोघरी पोचले आणि १९७६ मध्ये त्याला ‘साँग ऑफ द इयर’चे ग्रॅमी मिळाले.

हे वाचताना मला आपला दहावीचा निरोप समारंभ आठवला. एका मुलीला काही सांगायचे ठरवून मी आठवडाभर वाक्ये पाठ केली होती. ती समोर आली आणि मी तिला चक्क एक विनोद सांगितला. ती हसली, मीही हसलो, आणि ती पायऱ्या उतरून गेली. विदूषक मीच पाठवले होते.

यंदाच्या मेळाव्याला सर येणार आहेत असे कळते. सर, पन्नाशीनंतर ऐकले. सर्कशीचे नव्हते.