ऑसिलोस्कोपच्या पोटातली चांदी

बडोद्याच्या आमच्या जुन्या घरात एक जड, निळसर पेटी होती. बाबांनी ती एका प्रयोगशाळेच्या लिलावातून आणली होती, पण सुरू झालेली त्यांना बघायला मिळाली नाही. ते गेल्यावर आम्ही भावंडांनी ती उघडली. टेक्ट्रॉनिक्सचा ५४५ए ऑसिलोस्कोप, व्हॉल्व्हच्या जमान्यातला.

हॉवर्ड व्होलम यांनी युद्धकाळात रडारवर काम केले होते. १९४६ मध्ये जॅक मर्डॉक यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ही कंपनी काढली. १९४७ मध्ये पहिला ऑसिलोस्कोप आला, ५११. किंमत ७९५ डॉलर. तोवर पडद्यावरची लाट सारखी सरकायची, बटण फिरवत तिला धरून ठेवावे लागे. व्होलम यांच्या यंत्रात संदेश ठरावीक पातळीला पोचला की तिथूनच रेघ सुरू होई. लाट जागच्या जागी उभी राही आणि चौकटी मोजून तिचे व्होल्ट नि वेळ सांगता येई. नुसते ‘दिसणे’ जाऊन ‘मोजणे’ आले, ते असे.

आमच्या पेटीला एकदम २३० व्होल्ट देणे म्हणजे आत्मघात. वर्षानुवर्षे पडून राहिलेले कपॅसिटर फुटतात. म्हणून डिमरस्टॅट लावून वीज हळूहळू चढवली, नादुरुस्त कपॅसिटर बदलले. चित्रनळीला १०,००० व्होल्ट लागतात. बंद केल्यावरही हात घालताना छाती धडधडते.

चूक मात्र वेगळीच झाली. आतले सुटे भाग चिनीमातीच्या पट्ट्यांवरच्या खाचांत बसवलेले असतात आणि खाचांना चांदीचा मुलामा असतो. साधा डाख पुन्हापुन्हा दिला की ती चांदी त्यात विरघळते. आम्ही एकाच खाचेला तीनदा दिला. चौथ्यांदा काही चिकटेचना. मग सांगाड्यावर, इतके दिवस समोर असलेले, बारीक तारेचे वेटोळे दिसले. चांदीमिश्रित डाख! दुरुस्ती करणाऱ्यासाठी कारखान्यानेच ठेवलेला. ज्याने ती पेटी बांधली त्याने आमच्यासारख्या कुणाचा तरी विचार आधीच करून ठेवला होता, आणि आम्ही वाचायच्या आधी हात घातला.

ती खाच गेली ती गेलीच. कपॅसिटरचा पाय तारेने लांबवून त्याच जोडाच्या दुसऱ्या टोकाला लावला. वेटोळ्यातला उरलेला डाख जपून ठेवला आहे. कामाला तीन टक्के चांदीचा नवा मागवला.

नागपंचमीच्या संध्याकाळी हिरवी रेघ उमटली. आई चष्मा लावून आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “एवढ्यासाठी का ते रात्र रात्र जागायचे?”