माळावरची पवनचक्की आणि गुरांचा हौद



डॅलसहून ॲमरिलोच्या दिशेनं गाडी काढलीत, तर माळरानावर मधूनच एकटी उभी असलेली जुनी पवनचक्की दिसते. वीज तयार करणारी उंच पांढरी नव्हे, ही लहानखुरी, पत्र्याच्या पात्यांची. पायथ्याशी गोल हौद. मागच्या सीटवरून मुलं विचारतात, "ही कशाला?" आज त्याचं उत्तर.

गोष्ट सुरू होते काटेरी तारेपासून. इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडननं 1874 साली तिचं पेटंट घेतलं. टेक्ससच्या उघड्या माळावर लाकडी कुंपण परवडण्यासारखं नव्हतं, तार परवडली. तोवर गुरं मोकळी चरत आणि तहान लागली की ओढ्यावर जात. आता ज्यानं ओढा तारेच्या आत घेतला, त्याचंच आजूबाजूचं गवत!

1883 साली दुष्काळ पडला. तारेबाहेर राहिलेल्यांची गुरं तहानेनं व्याकूळ झाली आणि रात्री-अपरात्री लोक तारा तोडू लागले. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. 1884 च्या सुरुवातीला गव्हर्नर जॉन आयर्लंड यांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. तार तोडणं गंभीर गुन्हा ठरलं. पण दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीला परस्पर कुंपण घालणंही गुन्हा ठरलं.

कायद्यानं भांडण शमलं, तहान कशी शमणार? पाणी होतं, पण जमिनीखाली. ते वर काढायचं यंत्र आधीच तयार होतं. कनेक्टिकटच्या डॅनियल हॅलडेनं 1854 साली अशी पवनचक्की केली होती, जी वाऱ्याची दिशा बदलली की स्वतः वळे आणि वारा फार सुटला की स्वतःच वेग आवरे. आधी रेल्वेनं ती वाफेच्या इंजिनांना पाणी भरायला वापरली, मग पशुपालकांनी उचलली. ऑस्टिनची विधानभवनाची इमारत बांधून देण्याच्या मोबदल्यात टेक्ससनं 30 लाख एकर जमीन दिली. त्यावर उभ्या राहिलेल्या एक्सआयटी रँचवर 1900 च्या सुमारास तीनशेहून अधिक पवनचक्क्या फिरत होत्या. ओढा नसलेलं कुरणही आता चरण्याजोगं झालं.

पुढे कुरणाचे लहान कप्पे पाडून गुरं एकातून दुसऱ्यात फिरवायची पद्धत आली. गवताला विश्रांती मिळते, ते पुन्हा जोमानं वाढतं. फ्रान्सच्या आंद्रे व्हॉयझँ यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात तिचा हिशेब मांडला. पण इथेही तोच जुना धडा: नुसत्या तारेनं भागत नाही. पाणी लांब असेल तर सगळा कळप एकदम निघतो, हौदाजवळचं गवत मुळापर्यंत खातो आणि लांबचं तसंच राहतं. म्हणून मिझुरीतले जाणकार सांगतात, पाणी 800 फुटांच्या आत ठेवा.

आणि ते स्वच्छ ठेवा. गुरं तळ्यात उतरली की शेण, मूत आणि चिखल त्याच पाण्यात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात झालेल्या प्रयोगात स्वच्छ पाणी प्यायलेल्या कालवडींचं वजन थेट तळ्यावर पिणाऱ्यांपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शानं जास्त वाढलं. कारण सोपं आहे: घाण पाणी जनावर कमी पितं, आणि कमी प्यायलं की कमी खातं. म्हणून आता जाणते पशुपालक तळ्यालाच कुंपण घालतात आणि पाणी नळीनं प्रत्येक कप्प्यातल्या हौदात आणतात.

आजोळच्या विहिरीजवळची दगडी डोण आठवते का? गुरांना विहिरीत उतरू देत नसत. पाणी शेंदून डोणीत ओतत. विहीर स्वच्छ राही आणि जनावरही तहानलेलं परत जात नसे.

तेव्हा पुढच्या वेळी ती पवनचक्की दिसली, की मुलांना सांगा, ही इथली डोण आहे. आधी माणसांनी तार ओढली, आणि गुरांच्या पाण्याचा विचार होईपर्यंत तारेपायी रक्त सांडलं होतं.